रंगवलेले सिलिंडर

नोएडा,
२६ जानेवारी २०२५

मामा, जयभीम.

फोनवर तुमच्या कानातलं मशीन शिट्टी वाजवतं, तुम्ही नुसतं ‘हो हो’ म्हणता आणि मामी मागून ओरडते की यांना काहीही ऐकू गेलेलं नाही. तेव्हा तुमचाच सरकारी नियम पाळते. कामाची गोष्ट कागदावर.

विनयदादाची भोपाळला बदली झाली आणि विहाराचं सचिवपद माझ्या गळ्यात पडलं. मी नाहीच म्हणत होते. ऑफिस आहे, आर्यनची शाळा आहे. पण सगळे म्हणाले, ‘अंबादासकाकांची भाची आहेस, रक्तातच आहे तुझ्या.’ सतरा वर्षं सचिव होतात तुम्ही, शिक्षा भोगते आहे मी.

सरोजिनी नगरचे क्वार्टर पाडल्यापासून आपली माणसं पांगली. कोणी द्वारकेला, कोणी गुडगावला. पण रविवारी मेट्रो पकडून विहारात येतात. या महिन्यात आम्ही आग विझवायचे नवे सिलिंडर बसवले, दाबाचा काटा असलेले. जुने अकरा भिंतीवरून उतरवून जिन्याखाली ठेवले आहेत. प्रत्येकावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं आहे, ‘अंबादास तायडे यांजकडून सप्रेम भेट’. मामा, वीस वर्षांचे झाले तरी असे चमकतात की विचारू नका. दर एप्रिलला जयंतीच्या आधी रेलिंग, फाटक, कुंड्या आणि सिलिंडर रंगवायची तुमची पद्धत अजून चालू आहे. लहानपणी मीही ब्रश घेऊन दोन-तीन लाल केलेले आहेत.

आता त्यांचं काय करायचं? कबाडीवाला दोनदा विचारून गेला. पण सिद्धांतची एक आयडिया आहे. सिद्धांत डोंगरे, हिंगोलीकडचा. करोल बागेत राहून यूपीएससीची तयारी करतो आणि रविवारी आपल्या मुलांचा वर्ग घेतो. तो म्हणतो, ‘ताई, फेंकने ही हैं ना? मग त्याआधी मुलांना वापरायला शिकवू.’ जयंतीच्या आदल्या दिवशी, १३ एप्रिलला, मागच्या अंगणात पत्र्याच्या ट्रेमध्ये चिंध्या पेटवायच्या आणि एकेका मुलाने सिलिंडर चालवून विझवायच्या. मला तरी फार आवडलं. तुमचं काय मत?

मामीला नमस्कार.
मैत्री


[अंबादास तायडे यांनी हे पत्र लिहिलं, पण पोस्टात टाकलं नाही.]

मूर्तिजापूर,
५ फेब्रुवारी २०२५

चि. मैत्री,

तुझं पत्र काल मिळालं. तीनदा वाचलं. रात्रभर झोप नाही, म्हणून सकाळी उठून खरं तेच लिहितो.

ते सिलिंडर मी विकत घेतलेले नव्हते.

२००३ च्या जयंतीला मेणबत्तीने भानुमतीबाईंच्या पदराने पेट घेतला होता. तू दहा-अकरा वर्षांची होतीस, आठवत असेल. बादली सापडेपर्यंत त्यांचा हात भाजला. मग बायका मुलांना विहारात पाठवायला घाबरू लागल्या. समितीची सभा झाली आणि मी उठून म्हणालो, ‘सिलिंडर माझ्याकडे लागले.’ टाळ्या पडल्या. कुठून आणणार होतो, मलाच ठाऊक नव्हतं. उचलली जीभ लावली टाळ्याला.

पुढच्या वर्षी आमच्या ऑफिसच्या भवनातल्या जुन्या सिलिंडरांची तपासणी झाली. आत पाणी भरून दाब देतात. जो फुगला किंवा पाझरला तो कंडम. कंडम झालेल्याला भोक पाडून टाकायचं, म्हणजे पुन्हा कोणी वापरू नये. केअरटेकर म्हणून ते काम माझं होतं. पंधरा कंडम झाले. पंधरांना भोकं पाडली अशी मी सही केली आणि भोक एकालाही पाडलं नाही. वरून चांगले दिसत होते गं. टेम्पोत घालून आणले, ऑइलपेंट मारला आणि विहारात टांगले. वाटलं, रिकाम्या भिंतीपेक्षा बरं. निदान माणसांना धीर येईल.

तपासणीची तारीख सिलिंडरच्या खांद्यावर ठोकलेली असते. ती कोणी वाचू नये म्हणून दर एप्रिलला मी स्वतः रंग द्यायचो. त्यातून तुमची ती पद्धत पडली. लोक म्हणायचे, अंबादासभाऊ किती टापटिपीचे.

मैत्री, मुलांना त्यांना हात लावू देऊ नकोस. या जुन्या जातीत एरवी दाब नसतो, म्हणून काटाही नसतो. वरच्या गुंडीवर तळहात मारला की आतली गॅसची कुपी फुटते आणि सगळा दाब एका क्षणात पत्र्यावर येतो. चांगला पत्रा सोसतो. हा पत्रा एकवीस वर्षांपूर्वीच नापास झालेला आहे, आणि त्यानंतर आतून किती गंजला असेल ते वरच्या रंगामुळे कोणालाच दिसत नाही.

हे तू समितीला सांग. माझ्याबद्दल लोक काय म्हणायचं ते म्हणोत.

तुझा मामा


मूर्तिजापूर,
७ फेब्रुवारी २०२५

चि. मैत्री,

सचिव झालीस, अभिनंदन! आता कळेल, सतरंज्या मोजून घेतल्या तरी जयंतीनंतर दोन कमी कशा भरतात ते. तुझ्या पत्रात ‘आयडिया’ आहे, ‘फेंकने’ आहे, मराठीही अधूनमधून आहे. चालायचंच. दिल्लीच्या पाण्याला कोण काय करणार?

सिलिंडरांविषयी. माझं मत विचारलंस तर त्यांच्या वाटेला जाऊ नका. जुनी वस्तू आहे, तिचा मान ठेवावा. मुलांना शिकवायचंच असेल तर एखादा नवा घेऊन शिकवा. कबाड्याला तर मुळीच देऊ नका, तो तोडायला हातोडा घालतो. आपटू नका, झाकण उघडू नका, उन्हात ठेवू नका. परवाना असलेली कंपनी असते, ती येऊन नेते आणि कागद देते. तिला बोलाव म्हणजे झालं.

कारणं विचारत बसू नकोस. वडीलधाऱ्यांचं कधी तरी नुसतं ऐकावं.

इकडे थंडी ओसरली. तुझ्या लीलामामीचे गुडघे बरे आहेत. सिद्धांतला सांग, रविवारचा वर्ग घेतोस हे फार मोठं काम करतोस. आमच्या वेळी असा एक मिळाला नाही.

तुझा मामा


नोएडा,
२३ फेब्रुवारी २०२५

मामा, जयभीम.

तुमचं पत्र मी समितीत वाचून दाखवलं आणि सगळे हसले. ‘जुनी वस्तू आहे, तिचा मान ठेवावा’! मामा, सरळ सांगा ना की जीव अडकला आहे त्यांच्यात. तुमचं नाव असलेली वस्तू तुमची भाची मोडीत काढते आहे, वाईट वाटणारच. मला कळायला हवं होतं. सॉरी.

म्हणून असं ठरलं. दोन सिलिंडर वापरायचे नाहीत की द्यायचे नाहीत. ते नीट रंगवून दाराशी काचेच्या पेटीत ठेवायचे, पहिल्या समितीची आठवण म्हणून. बाकी नऊ मुलांना शिकवण्यात कामी येतील. वस्तू वापरली की तिचं सोनं होतं, हे तुम्हीच सांगायचात.

परवान्याच्या कंपनीला फोन केला होता. ते प्रत्येकाचं साल आणि शेवटच्या तपासणीची तारीख मागतात. आता वीस थर रंगाखाली कुठे शोधू? सिद्धांतने त्याच्या बिल्डिंगच्या मेंटेनन्सवाल्याला विचारलं. तो म्हणाला, ‘काँटा ही नहीं है तो प्रेशर कहाँ से होगा? खाली डब्बा समझो.’ सिद्धांत तरी सावध आहे. पहिले दोन-तीन तो स्वतः चालवून बघणार, मुलं दोरीच्या मागे, आणि मगच मुलांच्या हातात.

आणि आता मोठी बातमी. १३ एप्रिललाच तुमचा सत्कार! भानुमतीकाकूंच्या हस्ते शाल. त्या स्वतः म्हणाल्या, ‘अंबादासभाऊंच्या सिलिंडरांमुळे मी पुन्हा विहारात पाय ठेवला.’ तिकिटं मी काढते. नाही म्हणायचं नाही.

तुमची,
मैत्री


मूर्तिजापूर,
१९ मार्च २०२५

चि. मैत्री,

तुझं पत्र १ मार्चला मिळालं. अठरा दिवस मी त्याचं उत्तर लिहितो आहे.

सोबत ५ फेब्रुवारीचं पत्र जोडलं आहे. तारखेत बदल केलेला नाही. ते त्याच दिवशी लिहून पाकिटात घातलं होतं, पत्ताही लिहिला होता. मग तिकीट लावायच्या वेळी मनात आलं की झाकली मूठ सव्वा लाखाची, कशाला उघडायची? नुसतं ‘हात लावू नका’ म्हटलं तरी पोर ऐकेल. पण कारण न सांगितलेली ताकीद कोण पाळतं? चूक तुझी नाही.

आधी ते पत्र वाच. मग हे.

वाचलंस? तर १३ एप्रिलचा कार्यक्रम रद्द कर. शाल वगैरे काही नको. सिलिंडर जिन्याखालच्या खोलीत आहेत तिथेच राहू देत, तिला कुलूप लाव आणि किल्ली स्वतःकडे ठेव. कंपनीला सांग की साल मी देतो, तपासणीची तारीख मी देतो, लेखी देतो. १८ जून २००४. विसरलेलो नाही.

हे पत्र आजच स्पीड पोस्टाने टाकतो आहे. चार-पाच दिवसांत पोचेल. अजून तीन आठवडे हाताशी आहेत, एवढाच काय तो आधार.

मामा


नोएडा,
२६ मार्च २०२५

मामा,

तुमचं पत्र सोमवारी, २४ तारखेला मिळालं. मुलांचा कार्यक्रम आम्ही रविवारी, २३ तारखेलाच केला. परीक्षा संपल्या होत्या, पाच मुलं गावी निघणार होती, म्हणून अलीकडे ओढला. तुम्हाला कळवायचं राहून गेलं. म्हटलं, व्हिडिओ पाठवू.

पहिल्या सिलिंडरच्या गुंडीवर सिद्धांतने हात मारला, काहीच झालं नाही. दुसऱ्यातून फुसफुस करत जरा पाणी आलं, मुलांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्याचा बुडाचा पत्रा फाटला आणि सिलिंडर त्याच्या हातातून वर उडाला. आवाज एवढा झाला की रस्त्यावरची माणसं आत धावत आली. नंतर बघितलं तर तोटीचं भोक रंगाने पूर्ण बुजलं होतं. पाण्याला बाहेर यायला वाटच नव्हती. मामा, त्या भोकावर कधी तरी मीही ब्रश फिरवला असेल.

सिद्धांतचा उजवा हात गेला, म्हणजे मनगट दोन ठिकाणी मोडलं आहे आणि दोन बोटं चेंगरली आहेत. सफदरजंगला ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतात हात राहील, पण बोटं पहिल्यासारखी वळतील का ते आत्ता सांगता येत नाही. हा त्याचा शेवटचा अटेम्प्ट आहे. मेमधली पूर्व परीक्षा गोळे काळे करायची, ती तो डाव्या हातानेही देईल. ऑगस्टमध्ये मुख्य. नऊ पेपर, सगळे हाताने लिहायचे.

मुलांना काही झालं नाही, कारण त्याने दोरी बांधली होती. चौथा सिलिंडर तेरा वर्षांच्या मयुराच्या हातात द्यायचा होता.

आता सगळे सिद्धांतला बोलतात. मयुराची आई देवयानी हॉस्पिटलमध्ये येऊन त्याला म्हणाली, ‘तुला कोणी सांगितलं होतं शहाणपण करायला?’ समितीने रविवारचा वर्ग त्याच्याकडून काढून घेतला.  ‘ताई, मी आधी चेक करायला हवं होतं’, एवढंच तो म्हणतो. आणि माझ्या पर्समध्ये तुमचं ५ फेब्रुवारीचं पत्र आहे.

मी घरी फोन केला होता. मामीने उचलला. ‘काय गं, आवाज असा का?’ म्हणाली. मी फोन ठेवून दिला.

मामा, मला तुमचा इतका राग आला आहे की अक्षर नीट येत नाही. सहा फेब्रुवारीला ते पत्र पोस्टात पडलं असतं तर? अठरा दिवस काय करत होतात? फोन ऐकू येत नाही, पण मामीला ऐकू येतो ना! तिला एक वाक्य सांगितलं असतं तरी चाललं असतं.

आणि एक गोष्ट. तुम्ही पंधरावर सही केली असं लिहिलं आहे. विहारात फाटलेला धरून अकराच आहेत. मी दोनदा मोजले. बाकीचे चार कुठे आहेत?

मैत्री


मूर्तिजापूर,
१ एप्रिल २०२५

चि. मैत्री,

चार करोल बागेतल्या अभ्यासिकेत आहेत. आता ती प्रतीक चालवतो; २००५ साली त्याच्या वडिलांनी ती सुरू केली तेव्हा त्यांनी विहारातले सिलिंडर पाहिले आणि म्हणाले, ‘आमच्याही पोरांना द्या की.’ मला नाही म्हणवलं नाही. जिन्यात दोन, वाचनाच्या खोलीत दोन. परवा कबुली देतानाही मी ते चार गिळून टाकले होते. तू मोजलंस म्हणून बाहेर आले. हे लिहिताना मला माझीच किळस येते आहे.

हे पत्र पोचेपर्यंत थांबलेलो नाही. लीलाबाईला सगळं सांगितलं. तिने काल तुला आणि प्रतीकला फोन केला, तिने किती काय सांगितलं ते मी विचारलं नाही. अठरा दिवस मी काय करत होतो, असं तू विचारलंस. तिच्यापासून लपवत होतो. बेचाळीस वर्षांचा संसार झाला. तिच्या नजरेतून उतरण्यापेक्षा दिल्लीत काही घडणार नाही यावर विश्वास ठेवणं मला सोपं गेलं. याहून दुसरं कारण नाही.

 संध्याकाळी तिने माझी बॅग भरली आणि समोर ठेवली. ‘जा’ म्हणाली, ‘आणि उभं राहून सांगा. बसून नको.’

१२ तारखेला पोचतो. १३ ला सभा ठेव. तोवर माझी दोन्ही पत्रं, हे धरून तिन्ही, समितीला वाचून दाखव. आजच दाखव, मी येण्याची वाट बघू नकोस. सिद्धांतवरचा ठपका आणखी बारा दिवस राहायचं काही कारण नाही. त्याच्या हाताचं पाप माझं आहे. मी त्याला कधी पाहिलेलंही नाही.

माझी पेन्शन आहे. उपचाराला लागेल ते मी देणार. त्याने घेतलं तर.

अंबादास


नोएडा,
११ मे २०२५

मामा, जयभीम.

निघताना तुम्ही म्हणालात, ‘मी बोलून खाली बसलो त्यानंतर लोक काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. लिहून कळव. गाळू नकोस.’ महिनाभर टाळलं. मग वाटलं, टाळण्याचं काय होतं ते आपल्या घराने एकदा पाहिलं, तेवढं पुरे.

तुम्ही उभं राहून बोललात, जवळजवळ वीस मिनिटं. तुम्हाला तुमचाच आवाज ऐकू येत नव्हता, त्यामुळे फार मोठ्याने बोललात, बाहेर रस्त्यापर्यंत गेलं. तुम्ही बसलात. मग देवयानी उठली. ‘मयुराचा नंबर चौथा होता’, एवढंच म्हणाली आणि मुलीला घेऊन गेली. त्यानंतर ती विहारात आलेली नाही. मागे बसलेल्यांपैकी एकजण म्हणाला की पोलिसात द्यायला हवं. दुसरा म्हणाला, ‘छोडो यार, म्हातारा माणूस आहे.’ पहिला म्हणाला, ‘म्हातारा आत्ता झाला. तेव्हा नव्हता.’

भानुमतीकाकू तुमच्याजवळ येऊन काही बोलल्या, तुम्ही मान हलवलीत. तुम्हाला ऐकू गेलं नव्हतं हे मला माहीत आहे. त्या म्हणाल्या होत्या, ‘भाऊ, त्या सिलिंडरांकडे बघून मी एकवीस वर्षं इथे निर्धास्त बसले. आता ती मागची एकवीस वर्षं मला भीती वाटते आहे.’ सत्कारासाठी आधीच आणून ठेवलेली शाल त्यांनी घडी करून परत नेली.

माझं विचाराल तर मला तुमची लाज वाटली, आणि उभे राहिलात तेव्हा अभिमानही वाटला. दोन्ही एकदम. अजून तसंच आहे. कोणतं आधी जाईल ठाऊक नाही.

बाकीचं तुम्ही पाहिलंच. प्रतीकने मामीचा फोन आल्या आल्या अभ्यासिका रिकामी केली होती, ते चार तसेच टांगलेले ठेवून. कंपनीची माणसं तुमचा लेखी कागद पाहून विहारातले दहा आणि ते चार घेऊन गेली, फाटलेला पत्राही नेला. कुप्या काढल्या, आतलं रिकामं केलं, मग भोकं पाडली. तो कागद आता फाईलमध्ये आहे, चौदा नग, प्रत्येकापुढे तारीख. या एप्रिलला आम्ही रेलिंग रंगवलं, फाटक रंगवलं. नव्या सिलिंडरांना मुलांनी नुसतं ओल्या फडक्याने पुसलं आणि काटा हिरव्या भागात आहे का ते वहीत लिहिलं. दर महिन्याला लिहिणार आहेत. रविवारचा वर्ग सिद्धांतकडे परत आला आहे.

त्या दिवशी तो सभेला आला नाही. तुम्ही दोन दिवस हॉस्पिटलच्या बाकावर बसलात तरी तो भेटला नाही, मलाही तेव्हा वाटलं, भेटायला हरकत नव्हती. आता वाटतं, त्याची मर्जी. तुमचे पैसे त्याने घेतले नाहीत. त्याच्या वडिलांनी हिंगोलीहून पाठवले.

मंगळवारी प्लास्टर निघालं. मधलं बोट वळतं, अनामिका नाही. काल त्याने माझ्याकडे एक पान दिलं आणि तुमचा पत्ता मागितला. मी म्हटलं, माझ्याच पाकिटात घाल. मी वाचलेलं नाही. सोबत आहे.

मैत्री


[सोबतचं पान. अक्षर मोठं, ओळी तिरप्या.]

करोल बाग,
१० मे

तायडेकाका,

उजव्या हाताने लिहिलेलं हे पहिलं पान. पेन अंगठा आणि एका बोटात धरतो.

तुम्ही मैत्रीताईंना विचारलंत, मी माफ केलं का. नाही केलं.

पूर्व परीक्षेला दोन आठवडे आहेत. निकाल लागेपर्यंत थांबलो तर हात तयार होणार नाही. म्हणून रोज एक पान लिहायचं ठरवलं आहे. मुख्य परीक्षेत एका पानाला आठ मिनिटंही मिळत नाहीत.

कोणाला लिहू? आईला लिहिलं तर ती अक्षर बघून रडेल. मित्र म्हणतात, ‘होईल रे बरा.’ ते मला ऐकायचं नाही. तुम्ही तसं म्हणू शकणार नाही, म्हणून तुम्हाला लिहितो. राग असला की हात थांबत नाही, हेही आज कळलं.

पानांची उत्तरं नकोत. फक्त ठेवून द्या, तारखेप्रमाणे. वरच्या कोपऱ्यात मी वेळ टाकत जाईन. ती कमी होते की नाही, ते तुम्ही बघायचं.

आज सुरुवात ४.१०. शेवट ५.०५.

सिद्धांत डोंगरे